हान्सुम खिंडीतली हाक

मा दोकग्यूला डोंगर चढायची हौस कधीच नव्हती, पण डोंगर चढायचे कपडे मात्र त्याने झकास घेतले होते. भडक लाल जॅकेट, खिशांनी भरलेली पँट, दोन्ही हातांत घडीच्या काठ्या. बसमधून उतरला तेव्हा स्टॉपवरच्या कुत्र्यानेही उठून त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"अहो, खिंड चढायचीय. एव्हरेस्ट नाही," त्याची बायको ग्योंगरान म्हणाली.

"जॅकेट सेलमध्ये होतं."

"ते तुम्ही घेतल्यापासून सांगताय."

कोरियात गोंग्जू शहराच्या दक्षिणेला भातशेतं संपून डोंगर सुरू होतात, तिथलं हे गाव, सोतगोल. भात कापून झाला होता. घराघराच्या पडवीत पर्सिमनची फळं सोलून, दोऱ्यांना ओवून वाळत टांगली होती, त्यामुळे सगळं गाव नारिंगी दिसत होतं. गावाच्या पाठीशी हान्सुम खिंड. हान्सुम म्हणजे सुस्कारा. चढताना दम लागतो म्हणून ते नाव पडलं असं लोक सांगतात, आणि कुणी जास्त चौकशी करत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी दोंगहाक पंथाच्या बंडात या खोऱ्यातले शेतकरी बांबूचे भाले घेऊन ही खिंड चढले. वर सरकारी फौज आणि जपानी पलटण बंदुका लावून बसलेली होती. पुढे काय झालं ते सांगायला नको. आता तिथे हौशी लोकांसाठी पायवाट केली होती. वाटाड्या नाही, तिकीट नाही. फांद्यांना बांधलेल्या पिवळ्या फिती बघत जायचं, जागोजागी पाट्या आहेत त्या वाचायच्या आणि जेवायच्या वेळेला खाली यायचं.

दोकग्यूचे पणजोबा त्या बंडात गेले ते परत आलेच नाहीत. कुठे मेले, कधी मेले, कुणाला पत्ता नाही. ज्याची तिथी माहीत नसते त्याचं श्राद्ध नवव्या महिन्याच्या नवमीला करतात, तसं मा घराण्यात पणजोबांचं त्या दिवशी व्हायचं. लग्न होऊन आल्यापासून तो सगळा स्वयंपाक ग्योंगरानच्या गळ्यात पडला होता. "तुमचे पणजोबा भाड्याच्या तिथीवर जेवतात," असं ती दरवर्षी भाजी परतताना म्हणायची. मग यंदा एका म्हाताऱ्या आत्याने बोलता बोलता या खिंडीचं नाव सांगितलं, आणि दोकग्यूने ध्यास घेतला. जागा बघायची. जमलं तर तिथी शोधायची.

ग्योंगरानला ना जागेत रस होता ना तिथीत. ती आली होती पहारा द्यायला. तिची सगळी नोकरी सरकारी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून झाली होती आणि नवऱ्याच्या हृदयात गेल्या वर्षी स्टेंट बसला होता. त्याची साठी दोन आठवड्यांवर आली होती. मा घराण्यात साठी कुणा पुरुषाने पाहिलीच नव्हती. पणजोबा बंडात गेले, आजोबा युद्धात, वडील शेताच्या बांधावर बसल्या बसल्या. शाप-बिप ग्योंगरान मानत नव्हती, ती कोलेस्टेरॉल मानत होती. पण या माणसाला साठी पार करून द्यायची, एवढी एक गोष्ट तिने मनाशी घट्ट धरली होती. हॉल ठरला होता, तांदळाच्या वड्यांची ऑर्डर गेली होती, मुलगी सोल सोलहून नातीला घेऊन येणार होती. मुलीचं नाव नि तिचं शहर एकच, यावर दोकग्यू अजूनही दर वेळी हसायचा.

गावच्या सभाघराच्या पायरीवर म्हाताऱ्या बायका फळं सोलत बसल्या होत्या. त्यातली सगळ्यात म्हातारी होती तिला बाकीच्या दुन्नेवाली म्हणत होत्या, म्हणजे दुन्ने हे तिचं माहेर.

"कुठले म्हणायचे तुम्ही?" तिने विचारलं.

"देजॉनहून आलो, आजी."

"ते राहायचं झालं. मूळचे?"

दोकग्यूने सांगितलं. पणजोबांचंही सांगितलं, जरा अभिमानानेच. सुऱ्या क्षणभर थांबल्या.

"आमच्यातलेही सगळे वरच राहिले," दुन्नेवाली म्हणाली आणि पुन्हा सोलू लागली. "जा, बघून या. ए सूनबाई, येताना याला इकडेच आण. मुळ्याचं सूप टाकलंय. नवरा बघ कसा वाळलाय, जेवायला घालत नाहीस का?"

छप्पन्नाव्या वर्षी सूनबाई म्हणवून घेताना ग्योंगरानला हसूच आलं. "घालते हो आजी. मीठ घालत नाही, एवढंच."

वाट सुरुवातीला सोपी होती. चेस्टनटची झाडं, पायाखाली काटेरी टरफलं, मधूनच ओढ्यावर लाकडी साकव. पहिल्या पाटीपाशी दोकग्यूने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बंडातले लोक कागदाचा ताईत जाळून त्याची राख पाण्यातून पीत, म्हणजे अंगावर आलेल्या गोळ्यांचं पाणी होईल असा त्यांचा समज.

"तुझ्या औषधांसारखंच की," तो म्हणाला.

"माझ्या औषधांवर मुदत छापलेली असते. आणि वाचताना चालू नका, दम लागतो."

"दम मला लागतोय की तुला?"

"मला लागला तर मी मरत नाही."

हे बोलून गेल्यावर तिलाच बरं वाटलं नाही. तो मात्र हसत पुढे गेला.

फितींकडे आधी तिचंच लक्ष गेलं. खाली त्या प्लॅस्टिकच्या होत्या, पिवळ्या, वर खुणेचं चित्र छापलेलं. चढ लागला तशा मधूनमधून कापडाच्या दिसायला लागल्या. मळकट पांढऱ्या. आधी तिला वाटलं, प्लॅस्टिक संपलं असेल, गावकऱ्यांनी चिंध्या बांधल्या असतील. मग एका वळणावर ती थांबली. फांदीला बांधलेली ती चिंधी नव्हतीच. जुन्या अंगरख्याचा छातीवर बांधायचा बंद होता तो, शिवणीतून तोडून काढलेला, आणि गाठही अंगरख्याला मारतात तशीच अर्ध्या फुलाची. तिने हात लावला. डोंगरात सगळंच दमट होतं, त्यामुळे बंद ओला होता यात नवल नव्हतं. पण तो कोमट होता.

ऊन पडलं असेल त्याच्यावर, ती मनाशी म्हणाली. ऊन सकाळपासून नव्हतंच.

"अहो, हळू चला जरा."

"उकडायला लागलं बघ." दोकग्यूने लाल जॅकेट काढून तिच्या हातात दिलं. "धर. सेलमधलं आहे, हरवू नको."

चढ संपत आला तिथे वाटेच्या कडेला मोठा सपाट खडक होता, दहाबारा माणसं उभी राहतील एवढा. तिथून समोर, उत्तरेला, खिंडीचा माथा दिसत होता. माथ्यावर गवत माजलं होतं, पांढऱ्या तुऱ्यांचं, खांद्याएवढं. वाऱ्याने ते वाकलं की माणसं दाटीवाटीने बसल्यासारखी वाटत. ग्योंगरानचा गुडघा दुखत होता, ती खडकावर टेकली.

"तू बस. पुढची पाटी तेवढी वाचून येतो," दोकग्यू म्हणाला. "ती बघ, दिसतेय इथून. तारीख असेल तर तिच्यावरच असेल."

"लांब जाऊ नका."

"अगं, हाकेच्या अंतरावर तर आहे."

तो गवतात शिरला. त्याची टोपी तेवढी काही वेळ दिसत राहिली. तिने किंबापचा, समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताचा, डबा काढला, दोघांपुरते तुकडे झाकणावर मांडले, थर्मासमधला बार्लीचा चहा ओतला. मान वर केली तेव्हा माथा दिसत नव्हता.

धुकं खालून वर येतं हे तिला माहीत होतं. हे वरून खाली आलं. गवत गेलं, पाटी गेली, मग खडकापुढची वाटही गेली. पक्षी बोलायचे थांबले. चहाची वाफ सरळ वर जात होती, तीही मध्येच अडल्यासारखी वाटली.

तिने वाट पाहिली. मग फोन लावला.

फोन तिच्या मांडीवर वाजला. जॅकेटच्या खिशात होता तो. तिने घाईघाईने दुसरा खिसा चाचपला. छातीत कळ आली तर जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी ती रोज सकाळी स्वतःच्या हाताने त्याच्या खिशात ठेवायची. ती इथेच होती.

"सोलचे बाबा!"

नवऱ्याला ती तशीच हाक मारायची, तिच्या पिढीतल्या सगळ्याच बायका मारतात तशी. धुक्यात आवाज गेला आणि बुडाला. तिने पुन्हा हाक मारली, "सोलचे बाबा! ओ तरी द्या!" गवतात काहीतरी हललं, एका जागी नाही, सगळीकडेच थोडं थोडं. पण आलं कुणीच नाही.

ती वाटेने चार पावलं पुढे गेली. फांदीफांदीला बंद लोंबत होते, डावीकडे, उजवीकडे, खाली झुडपांनासुद्धा, त्यामुळे वाट कुठली ते कळायला मार्ग नव्हता. आपण पण हरवलो तर त्याला कोण शोधणार, एवढं भान तिला होतं. ती मागे फिरली आणि खडकावर चढून उभी राहिली. लाल रंग धुक्यात लांबून दिसेल म्हणून तिने जॅकेटची कॉलर धरून ते डोक्यावर उंच हलवलं. आणि उभ्या आयुष्यात कधी घेतलं नव्हतं ते नवऱ्याचं नाव घेतलं, आडनावासकट.

"मा दोकग्यू! परत या!"

धुकं.

"मा दोकग्यू! परत या!"

जॅकेट तिच्या हातात जड झालं, ओल्या कपड्यासारखं.

"मा दोकग्यू! परत या हो!"

आणि तिसऱ्यांदा ओरडल्यावर तिचा हात वरच्या वर राहिला.

ती नऊ-दहा वर्षांची असताना तिची आजी गेली होती. तेव्हा काका आजीचा अंगरखा घेऊन छपरावर चढला होता. उत्तरेकडे तोंड करून, कॉलर धरून, अंगरखा हलवत त्याने आजीचं पुरं नाव घेतलं होतं. परत ये. तीनदा. माणूस गेला की आधी हे करायचं असतं. अंगणात सगळे श्वास रोखून उभे होते, कारण जीव परत आला तर आला. नाही आला, की मग गेला असं धरायचं आणि रडायला सुरुवात करायची. जिवंत माणसाला कुणी तसं बोलावत नाही.

तिने झटकन जॅकेट खाली घेतलं, छातीशी गोळा करून धरलं. "नाही, नाही," ती पुटपुटली. "मी रस्ता दाखवत होते. नुसता रस्ता दाखवत होते."

वर खिंडीत आवाज झाला.

वाळक्या गवतात खूप माणसं एकदम उठून उभी राहिली तर होईल तसा. मग शांतता. मग पुन्हा तोच आवाज, पण हळू, एकेकाने खाली बसावं तसा.

आणि मग एकट्याची पावलं.

दोकग्यू धुक्यातून आला तो हसतच. टोपी नव्हती. काठ्या नव्हत्या.

"किती ओरडतेस! आलो ना."

तिने त्याला घट्ट धरलं. मग दंडावर जोरात चापटी मारली. मग मनगट पकडून नाडी पाहिली. नाडी होती. छान होती. इतक्या वर्षांत एवढी एकसारखी नाडी तिच्या बोटाखाली आली नव्हती.

"छातीत दुखलं का? खरं सांगा."

तो विचारात पडला. "जरा दुखलं होतं वाटतं. बसलो मग. आता काही नाही."

"कुठे बसलात?"

"त्यांच्यातच. खूप जण बसले होते गं. तुझी हाक आली तर सगळे उठले, कुणाचं नाव आलं म्हणून." तो हे पावसापाण्याचं बोलावं तसं बोलत होता. "माझ्या शेजारी एक होता, आमच्यासारखंच नाक. तो म्हणाला, जा बाबा, तुझं कुणीतरी आहे."

ग्योंगरानने जॅकेट पुढे केलं. "जॅकेट घाला," ती एवढंच म्हणाली.

"नको. थंडी नाही वाजत."

झाकणावर मांडलेले किंबाप तसेच होते. दोकग्यूने खाल्ले नाहीत. त्यांच्यावर वाकून त्याने एकदा श्वास घेतला आणि "छान झालेत," म्हणाला.

सभाघरात सूप तयार होतं. दुन्नेवालीने दोघांच्या पुढ्यात वाढलं. भाताची वाटी डाव्या हाताला आणि सूप उजव्या, हे तिकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. उलटं मांडतात ते फक्त श्राद्धाच्या ताटावर. ग्योंगरानचं ताट बरोबर होतं. दोकग्यूचा भात उजवीकडे होता. तिने मुकाट्याने वाट्या बदलल्या. म्हातारी मुळ्याची किमची घेऊन आली, बोलता बोलता तिने त्याच्या वाट्या पुन्हा उलट्या केल्या आणि मग स्वतःच्याच हाताकडे बघत राहिली.

दोकग्यू तोंड धुवायला बाहेर गेला तेव्हा म्हातारी जवळ सरकली. "वर हाक तू मारलीस?"

"इथे ऐकू आली?"

"सगळ्यांना आली. नाव घेऊन मारलीस?"

ग्योंगरानने होकाराची मान हलवली.

"आमच्या घरच्या बायकाही जायच्या त्या खडकावर," दुन्नेवाली म्हणाली. "पण तेव्हा बंडवाल्याचं नाव तोंडातून निघालं की सरकारी शिपाई उरलेल्या घरालाही आग लावायचे. मग त्या नुसते कपडे हलवायच्या. तोंडात कापड कोंबून. नाव कुणी घेतलंच नाही."

"मग?"

"मग काय. वरचे बसलेत ऐकत." तिने सूपचं भांडं उचललं. "नवऱ्याला घेऊन घरी जा, पोरी." या वेळी ती सूनबाई म्हणाली नाही.

घरी आल्यावर ग्योंगरानने शहाण्या माणसाने करावं ते सगळं केलं. दुसऱ्याच दिवशी त्याला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी यंत्रावर हृदय बघितलं आणि तिचं अभिनंदन केलं. पथ्य चांगलं सांभाळलंत म्हणाले, हे तर तरुणाचं हृदय आहे. तिला रडू फुटलं. डॉक्टरांना ते आनंदाचं वाटलं.

दोकग्यू चिडत नव्हता, घोरत नव्हता, मीठ मागत नव्हता. पानावर बसायचा, वाफेवर वाकायचा, पोट भरलं म्हणायचा. हात गरम, वजन तेवढंच. शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या आणि त्याच्या समोरच तिला म्हणाल्या, "फार सज्जन माणूस हो तुमचे मिस्टर. आमच्या ह्यांनाही फार आठवण येते." मग गोंधळून त्याच्याकडे बघून हसल्या. तोही हसला. सोलने फोनवर विचारलं, "आई, बाबांना कुठल्या वड्या आवडायच्या गं?" ग्योंगरान फोनवर खेकसली, "आवडतात! आवडतात म्हण!" सोलला कळेना, आई एवढी का भडकली.

साठीच्या आदल्या आठवड्यात ती एकटीच सोतगोलला गेली. लाल जॅकेट पिशवीत होतं. सभाघराच्या पायरीवर दुन्नेवाली बसलेली होती, सोलायचं काम संपलं होतं तरी.

"आजी, मारलेली हाक परत घेता येते का?"

म्हातारी म्हणाली, "आम्हाला कुठून ठाऊक असणार? आमच्या हाकेला कधी कुणी आलंच नाही."

ग्योंगरान वर चढली. लख्ख दिवस होता. झाडांवर फक्त पिवळ्या प्लॅस्टिकच्या फिती होत्या, कापडाचा धागासुद्धा नाही. गवतात जाऊन तिने पाटी वाचली. लढाईची तारीख पाटीवर होती, ठसठशीत. ती वाचून तिला काहीच वाटलं नाही. नवऱ्याची टोपी आणि काठ्या पाटीच्या मागे नीट ठेवलेल्या सापडल्या, दारात चपला काढून ठेवतात तशा. शेजारचं गवत माणूस आडवा झाल्यासारखं दबलेलं होतं. ती त्याकडे जास्त वेळ बघू शकली नाही.

खडकावर येऊन ती उभी राहिली. जॅकेट हलवून जा म्हणायचं, असं तिने बसमध्ये ठरवलं होतं. पण कुणाला जा म्हणायचं? घरी बसून तिची वाट बघणाऱ्या माणसाला? तिने जॅकेट पिशवीतून काढलंच नाही.

वारा पडला होता. तरी समोरचं गवत एका बाजूला झुकलं होतं, तिच्या बाजूला. सगळं. आणि तिला कळलं की ते ऐकतायत.

पणजोबांचं नाव तिला पाठ होतं. दरवर्षी श्राद्धाच्या कागदावर ते तीच लिहायची. ते आता तिच्या जिभेवर आलं. सव्वाशे वर्षं या माणसाला कुणी बोलावलं नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं, आणि ते देणं तिच्या हातात होतं. पण तिच्या घरात एकजण होता, वाफेवर वाकणारा. असा आणखी एक तिला झेपला नसता.

तिने गळ्यातल्या स्कार्फचा बोळा करून तोंडावर धरला.

ती कितीतरी वेळ तशीच उभी होती. शेवटी माथ्यावर सळसळ झाली, एकेकाने खाली बसावं तशी. मग ती उतरली. सभाघराकडे तिने पाहिलं नाही.

साठीचा हॉल तिने रद्द केला आणि घरच्या घरीच करू म्हणाली. सकाळपासून सोल स्वयंपाकघरात होती, जावई फळं रचत होता, नात वाकायचा सराव करत होती. दोकग्यूला नवा पोशाख घालून भिंतीपाशी पडद्यापुढे बसवलं. पुढ्यात ताट, वड्या, सफरचंदं, नासपती. वाट्या ग्योंगरानने स्वतः मांडल्या, डावीकडे भात, उजवीकडे सूप, आणि ती ताटाशेजारीच राखण करत बसली. साठ वर्षं पुरी झाली होती. घराण्यातला पहिला पुरुष. दोकग्यू खूष दिसत होता.

"चला," जावई म्हणाला, "बाबांना नमस्कार."

तिघं ओळीत उभी राहिली. गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं, उठली. मोठ्यांना एकदा नमस्कार करतात, असा. ग्योंगरानने श्वास सोडला.

तिघं पुन्हा वाकली.

तिघंही, एकदम, कुणी कुणाला न सांगता, नातसुद्धा. दोनदा नमस्कार गेलेल्यांना करतात.

"सोल," ग्योंगरान म्हणाली. सोलने तिच्याकडे पाहिलं नाही.

सोल शांतपणे उठली. तिने भाताच्या वाटीवरचं झाकण काढलं, चमचा भातात उभा रोवला, नातीचा हात धरला. तिघं मागे सरत खोलीबाहेर गेली आणि जावयाने सरकतं दार ओढून घेतलं. श्राद्धाला हे असंच करतात. आलेल्याला निवांत जेवता यावं म्हणून घरची माणसं बाहेर थांबतात, आणि आत यायच्या आधी दारापाशी तीनदा खोकतात, म्हणजे त्याने आवरतं घ्यावं.

खोलीत दोघंच उरली. ग्योंगरान दाराच्या आतल्या बाजूला होती.

दोकग्यूने चमचा उचलला. खिंडीतून आल्यापासून पहिल्यांदाच तो जेवायला लागला. भूक लागलेला माणूस जेवतो तसा, घाईने, सूप भुरकत, अधूनमधून तिच्याकडे बघून मान डोलवत. आवडीने जेवणारा नवरा बघून तिचे डोळे भरून आले. तिने त्याच्याकडे भाजी सरकवली. वाटीतला भात कमी होत नव्हता.

"तू पण घे की," तो म्हणाला.

दाराबाहेर जावई खोकला.

"थोडंच राहिलंय," दोकग्यू म्हणाला.

जावई पुन्हा खोकला. दोकग्यूने चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं, पोशाखाचे बंद नीट केले, आणि दाराकडे बघत तिसऱ्या खोकल्याची वाट पाहत बसला.